शर्यतीत उतरा, पण किंग्ज कपमध्ये नको

प्रश्न: ताई, डिसेंबरच्या सुरुवातीला मी, बायको आणि सोळा वर्षांची मुलगी असे तिघं आठ दिवस फुकेतला जातोय. त्याच सुमाराला तिथे किंग्ज कप रेगाटा ही शिडाच्या यॉटची मोठी शर्यत असते. मुलीने तिचे व्हिडिओ दाखवले आणि आम्ही बापलेक पेटलोच. एका बोटीवर पैसे भरून 'पाहुणा क्रू' म्हणून जागा मिळतेय, पण दोघांचे मिळून जवळजवळ आख्ख्या सहलीएवढे पैसे होतात. बायको म्हणते, हे श्रीमंतांचे चोचले, सुट्टीत माणसाने आराम करावा. तिला पोहता येत नाही, घाटात गाडी लागते. मी ४७ वर्षांचा, उजवा गुडघा कुरकुरतो, शिडाच्या बोटीत कधी पाय ठेवलेला नाही. पोहता मात्र येतं, मुलीलाही. जावं का?
– स. दे., कोथरूड

स. दे.,

जावं. पण ज्या बोटीवर जागा मिळतेय तिच्यावर नको, आणि आठवडाभर तर मुळीच नको.

किंग्ज कप काय प्रकार आहे ते आधी बघा. थायलंडचे तेव्हाचे राजे भूमिबोल यांच्या साठीच्या निमित्ताने १९८७ मध्ये ही रेगाटा सुरू झाली. त्यांचा वाढदिवस ५ डिसेंबरचा, म्हणून ती त्याच्या आगेमागे भरते. फुकेतच्या पश्चिमेला काताच्या किनाऱ्यासमोर आठवडाभर शर्यती चालतात. ऑस्ट्रेलिया, हाँगकाँग, सिंगापूरहून लोक येतात आणि त्यातले बरेचसे वर्षानुवर्षं एकमेकांबरोबर बोट चालवलेले असतात. नाकाडावर शीड चढवणारा वेगळा, डोलकाठीपाशी दोर ओढणारा वेगळा, मागे सुकाणूवर एक आणि त्याच्या कानाशी वाऱ्याचं गणित सांगणारा आणखी एक. अशा मुरलेल्या मंडळींत पैसे भरून आलेल्या नवख्याला काम मिळतं ते एकच: वजन. बोट कलली की उंच झालेल्या बाजूच्या कठड्यावर ओळीने बसायचं, पाय बाहेर सोडायचे. बोटीने दिशा बदलली की आडव्या दांड्याखालून वाकून पलीकडच्या कठड्यावर जायचं. हे मी हिणवून सांगत नाही. बोटीला त्या वजनाची खरोखर गरज असते आणि शर्यत शिकायची सुरुवात तिथूनच होते. पण तेवढ्यासाठी एक दुपार पुरते. त्याचे सहलीएवढे पैसे मोजायचे आणि बायकोने चार-पाच दिवस एकटीने वाळूत बसायचं, हा सौदा मला पटत नाही.

शिवाय रेगाटाचा दिवस व्हिडिओत दिसतो तसा नसतो. व्हिडिओत फुगलेली रंगीत शिडं आणि उडणारे तुषार दिसतात. मधले दोन तास कोणी दाखवत नाही. वारा पडला की शर्यत चालवणाऱ्या समितीच्या बोटीवर लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा झेंडा चढतो, म्हणजे शर्यत पुढे ढकलली. मग सगळ्या बोटी त्या उन्हात डुलत बसतात. सावली म्हणाल तर शिडाची, तीही सरकत राहते. ज्यांना या खेळाचं वेड आहे त्यांना यातही मजा वाटते. तुम्हाला ते वेड आहे की नाही, हे अजून तुम्हालाच ठाऊक नाही.

त्याऐवजी बेटाच्या दुसऱ्या अंगाला, आग्नेयेकडच्या चलाँगच्या खाडीकडे वळा. तिथे आओ चलाँग यॉट क्लब आहे आणि हंगामात क्लबच्या रविवारच्या शर्यती होतात. बोटी बहुतेक फुकेतमध्ये स्थायिक झालेल्या परदेशी लोकांच्या, काही थाई मालकांच्या. क्लबची शर्यत जगात कुठेही असो, एक गोष्ट सगळीकडे सारखी: माणसं कमी पडतात. कोणाची पाठ धरलेली असते, कोणाच्या घरी पाहुणे आलेले असतात. अशा वेळी दोन धडधाकट हात मिळाले तर स्किपर, म्हणजे बोटीचा कप्तान, खूश होतो. क्लबला महिनाभर आधी मेल टाका. वय, वजन, पोहता येतं का, आधी काही केलंय का आणि तुमच्या रविवारची तारीख, एवढं लिहा. वजन लिहायला लाजू नका, स्किपर ते आधी बघतो. मुलगी अठराच्या आतली आहे हे स्पष्ट लिहा. रेगाटाच्या आठवड्यात क्लबातले कित्येकजण काताला गेलेले असतात, त्यामुळे त्याच्या अलीकडचा किंवा पलीकडचा रविवार गाठता आला तर बरं. बोटीवर जागा मिळाली तर रिकाम्या हाताने जाऊ नका. थंड पेयं सगळेच आणतात. तुम्ही कोथरूडचे, भाकरवडी न्या.

मात्र थेट शर्यतीत उडी घेऊ नका. त्याच्या एक-दोन दिवस आधी तिघांनी मिळून एखाद्या सेलिंग स्कूलची लहान बोट प्रशिक्षकासकट अर्ध्या दिवसासाठी घ्या. फुकेतमध्ये अशा शाळा आहेत. इथे एका गोष्टीला जपा. 'सेलिंग' या नावाखाली तिथे जे विकलं जातं त्यातलं बरंचसं सेलिंग नसतंच. मोठं कॅटमरान, म्हणजे दोन सांगाडे जोडलेली रुंद बोट, त्यावर तीस-चाळीस माणसं, स्पीकर, कलिंगडाच्या फोडी, आणि इंजिन सकाळपासून चालू. शीड फोटोपुरतं उघडतात. ते वाईट नाही, पण तुम्हाला हवंय ते हे नाही. पैसे देण्याआधी एकच प्रश्न विचारा: इंजिन बंद ठेवून किती वेळ जाणार, आणि सुकाणू आमच्या हातात देणार का? उत्तर गुळमुळीत आलं तर पुढे चला.

त्या अर्ध्या दिवसात काय शिकायचं? फार नाही. वारा कुठून येतोय ते गालाला आणि कानाला कळायला लागतं, ही पहिली गोष्ट. डिसेंबरात तिथे ईशान्य मोसमी वारे असतात, आकाश मोकळं असतं. पश्चिमेच्या काता-करोनच्या बाजूला हा वारा जमिनीवरून, डोंगर ओलांडून येतो. त्यामुळे पाणी सपाट, पण वाऱ्याचे झोत मात्र अधूनमधून अंगावर येतात. (मे ते ऑक्टोबर हेच किनारे उलटे वागतात. नैर्ऋत्येकडून लाटा चढतात आणि पोहायला बंदीचे लाल झेंडे लागतात. जूनमध्ये स्वस्त पडतं म्हणून कोणी सुचवलं तर हे लक्षात ठेवा.) चांगल्या दिवशी दहा ते पंधरा नॉट, म्हणजे ताशी साधारण १८ ते २८ किलोमीटर वारा मिळतो. नवख्यांना यापेक्षा चांगलं काही नको.

दुसरी गोष्ट, वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही. साधारण पंचेचाळीस अंश डावीकडे, मग तितकंच उजवीकडे, अशी नागमोडी वाट काढत चढायचं, घाटातल्या वळणांसारखं. प्रत्येक वळणाला टॅक म्हणतात. टॅकच्या आधी सुकाणूवाला ओरडतो, "रेडी टु टॅक?" सगळ्यांनी मोठ्याने "रेडी" म्हणायचं. मग बोट फिरते आणि शिडाखालचा आडवा दांडा, म्हणजे बूम, एका बाजूने दुसऱ्या बाजूला सपकन जातो. तुमचं डोकं त्या वेळी त्याच्या उंचीवर नको. बोटीवर नवख्याला इजा होण्याची मुख्य ठिकाणं दोनच, डोकं आणि बोटं.

बोटांचं सविस्तर सांगते, कारण तुम्हाला पहिलं काम बहुधा विंचवरच मिळेल. विंच म्हणजे उभा धातूचा ढोल. शिडाच्या दोराचे वेढे त्याच्यावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने घ्यायचे, दोन-तीन, आणि मग हॅंडल फिरवून दोर आवळायचा. भरल्या वाऱ्यात त्या दोरावर जो ताण असतो तो हाताने धरून ठेवणं कोणाच्या बापाला जमणार नाही, म्हणूनच तो ढोल. वेढे घालताना मूठ ढोलापासून लांब ठेवा, अंगठा आत जाऊ देऊ नका, आणि सुटलेल्या दोराचा वेढा पकड नीट बसावी म्हणून स्वतःच्या पंजाभोवती कधीही गुंडाळू नका. दोर सोडायचा असला तर तळवा वेढ्यांवर सपाट दाबून हळूहळू ढिला करायचा. अंगठी, कडं, घड्याळ हॉटेलच्या तिजोरीत. मुलीचे केस घट्ट बांधलेले हवेत, ओढणी-स्कार्फ काही नको.

बोट कलली की पोटात गोळा येईल. येऊ द्या. वीस-पंचवीस अंश कलणं म्हणजे बोट नीट चालली आहे. यॉटच्या पोटाखाली जड कण्यासारखी कील असते. बोट जितकी कलेल तितकं तिचं वजन बोटीला सरळ करायला जोर लावतं. झोत जास्तच आला तर स्किपर शीड ढिलं सोडतो आणि बोट उभी राहते. तुमच्या मिसेसना हे निघायच्या आधी सांगा, पाण्यावर गेल्यावर नको.

आता शर्यत. प्रेक्षकाला ती संथ वाटते, आतल्या माणसाला श्वास घ्यायला फुरसत नसते, विशेषतः सुरुवातीला. बोट थांबवून ठेवता येत नाही, त्यामुळे सुरुवात धावपटूंसारखी रेषेवर उभं राहून होत नाही. समितीच्या बोटीवरचा झेंडा आणि पाण्यात तरंगणारी खुणेची बोय यांच्यामधली काल्पनिक रेषा ही सुरुवात. पाच मिनिटं आधी भोंगा वाजतो आणि तुमच्या गटाचा झेंडा चढतो. चार मिनिटं उरली की दुसरा चढतो. एक मिनिट उरलं की तो दुसरा उतरतो. या पाच मिनिटांत सगळ्या बोटी रेषेच्या मागे एकमेकींच्या अंगावर जात, चुकवत, घिरट्या घालत असतात. शून्याला पूर्ण वेगात रेषेवर पोचायचं, पण एक हातभरही आधी नाही. आधी गेलात तर मागे येऊन पुन्हा सुरुवात करावी लागते. तुमचा स्किपर कितीही सज्जन असला तरी या पाच मिनिटांत तो तुमच्यावर खेकसणार. मनावर घेऊ नका. किनाऱ्यावर आल्यावर तोच तुम्हाला बिअर पाजेल.

मग "स्टारबोर्ड!" अशी आरोळी ऐकू येईल. दोन बोटी समोरासमोरून आल्या तर ज्या बोटीच्या डाव्या बाजूने वारा येतोय तिने बाजूला व्हायचं, उजव्या बाजूने येतोय तिला हक्क. आरोळी मारणारा तो हक्क सांगत असतो. सगळे नियम पाठ करत बसू नका, एवढा एक कळला तरी समोर काय नाट्य चाललंय ते समजतं. आणि पहिली पोचलेली बोट जिंकलीच असं नसतं. लहान-मोठ्या बोटी एकत्र धावतात, म्हणून प्रत्येकीला तिच्या घडणीनुसार गुणक दिलेला असतो आणि लागलेल्या वेळाला तो लावून निकाल काढतात. चौथे आलात आणि संध्याकाळी कळलं की दुसरे आहात, असं होऊ शकतं. उलटही होतं.

एवढा खटाटोप कशाला, नुसतं बोटीतून फिरावं की, असं तुमच्या मिसेस म्हणतील. नुसतं फिरताना शीड थोडं सैल राहिलं तर कोणाचं काही बिघडत नाही. शर्यतीत पंचवीस हातांवर दुसरी बोट असते आणि दोर चार बोटं आवळला की ती मागे पडताना डोळ्यांनी दिसते. वारा, शीड आणि पाणी यांचा संबंध इतक्या झटकन दुसरीकडे कुठे कळत नाही. नवख्याला हे झेपतं, हेही सिद्ध झालेलं आहे. कॅरिबियनमधल्या सेंट मार्टिन बेटावर फिलिप्सबर्गच्या बंदरात, १९८७ च्या अमेरिका कप या यॉटच्या नामांकित स्पर्धेसाठी बांधलेल्या बोटी आणून त्यांच्यावर क्रूझने आलेल्या पर्यटकांच्या शर्यती लावल्या गेल्या आणि त्या गाजल्या. सकाळी नाश्ता करून आलेली आजी-आजोबा मंडळी विंच फिरवायची. अट एकच, प्रत्येकाला एकच काम आणि सांगतील तेवढंच करायचं. अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांनी सेंट मार्टिनचं नाव टिपून ठेवावं.

तुमच्या गुडघ्याबद्दल. टॅकच्या वेळी उकिडवं होऊन पलीकडे जावं लागतं आणि डेक टणक असतो. खेळाडूही गुडघ्याला पॅड बांधतात, तुम्हीही बांधा. स्किपरला आधी सांगा, म्हणजे तो तुम्हाला विंचपाशी मागे ठेवेल, कठड्यावर पळापळ करायला मुलगी आहे. बूट पांढऱ्या किंवा फिक्या तळाचे हवेत. काळ्या तळाचे डाग डेकवर पडतात आणि मालकाचा चेहरा बघवत नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपीला आणि चष्म्याला दोरी. सनस्क्रीन धक्क्यावर असतानाच लावून हात पुसा. तेलकट स्प्रे डेकवर उडाला की पुढचा माणूस घसरतो. आणखी एक, जे विचारायला सगळे संकोचतात. बोटीवरचा संडास हातपंपाचा असतो आणि त्याच्या नळ्या अरुंद असतात. पोटातून आलेलं सोडून त्यात काहीही टाकायचं नाही, बहुतेक बोटींवर कागदसुद्धा नाही. पंप कसा मारायचा ते निघण्याआधी दाखवून घ्या. तुंबला तर साफ करायचा मान तुमचा.

वहिनींचं काय? त्यांना शर्यतीत ओढू नका. पोहता न येणं हा अडथळा नाही, लाईफ जॅकेट घालून त्या अर्ध्या दिवसाच्या सफरीला खुशाल येऊ शकतात. पण घाटात गाडी लागणाऱ्या माणसाला शर्यतीत मधेच उतरता येत नाही, हा खरा अडथळा. सफरीसाठी सकाळची वेळ आणि चलाँगची आतली बाजू घ्या, तिथे समोर लोन बेट आडोशाला आहे आणि लाटा कमी. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून तासभर आधी, मळमळ सुरू झाल्यावर नाही. तिने झोप येते, तेव्हा घरी एकदा घेऊन बघा. आलेवडी जवळ असू द्या. केबिनमध्ये जायचं नाही, मोबाईलकडे बघायचं नाही, नजर क्षितिजावर. आणि ज्यांना मळमळतंय त्यांच्या हातात सुकाणू द्या. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण गाडी चालवणाऱ्याला गाडी लागत नाही, तेच इथे. कोणी सांगावं, तिघांत त्याच तरबेज निघतील.

किंग्ज कप बघायचाच तर काताच्या वाळूतून फुकट दिसतो. दक्षिण टोकाला प्रोमथेपचं भूशीर आहे, सूर्यास्तासाठी सगळे जातात. शर्यतीचा मार्ग त्या अंगाला आखलेला असेल त्या दिवशी दुपारीच वर जा, शिडं खाली पाठोपाठ वळताना दिसतात. टॅक म्हणजे काय हे तोवर वहिनींना कळलेलं असेल, त्यामुळे त्याही बघतील. नुसतं बसवून ठेवलंत तर दहा मिनिटांत कंटाळतील आणि त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

चोचल्यांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. यॉट विकत घेणं हा चोचलाच. पण क्लबच्या शर्यतीत क्रू म्हणून जाणं हे विमानाच्या तिकिटापुढे काहीच नाही. आणि हे फक्त परदेशातच करता येतं अशातला भाग नाही. मुंबईत गेटवेसमोर ऑक्टोबर ते मे शिडाच्या बोटी फिरतात, १८४६ पासूनचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब तिथेच आहे आणि नवख्यांना शिकवणाऱ्या संस्थाही आहेत. नोव्हेंबरात एक शनिवार-रविवार बापलेकींनी मुंबईला जाऊन शिकून या. दुपारी खारे वारे सुरू झाले की छान सराव होतो. फुकेतला पोचाल तेव्हा दोर हातात धरायची भीती गेलेली असेल, आणि मुख्य म्हणजे तुम्हाला हे आवडतं का नाही, याचा निकाल डेक्कन क्वीनच्या तिकिटात लागलेला असेल. नाही आवडलं तर फुकेतला तिघं मिळून फांग नगाच्या खाडीतले चुनखडीचे सुळके बघा, ते तसेही बघायला हवेत.

मुलीसाठी एक गोष्ट. ज्या राजाच्या नावाचा तो कप आहे, तो स्वतः शिडाची बोट चालवायचा, बोटी हाताने बांधायचा. १९६७ च्या आग्नेय आशियाई द्वीपकल्पीय खेळांत ओके डिंगी या एकट्याने चालवायच्या लहान बोटीच्या शर्यतीत तो उतरला. त्याची थोरली मुलगी, राजकन्या उबोलरतना, त्याच शर्यतीत त्याच्याविरुद्ध होती. दोघांना मिळून सुवर्णपदक विभागून मिळालं. मुलगी तेव्हा सोळा वर्षांची होती. ही गोष्ट तिला सांगा, मग नोव्हेंबरच्या शनिवारी पहाटे तिला उठवायला लागणार नाही. तिला पुढे खरंच रस वाटला तर मोठी यॉट नको, डिंगीच द्या. त्यात चूक झाली की आपणच पाण्यात पडतो, त्यामुळे शिकणं झपाट्याने होतं.

शेवटी विम्याचं. प्रवासविम्याच्या कागदात 'स्पर्धात्मक खेळ' किंवा 'शर्यत' वगळलेली असते का ते बारीक अक्षरात वाचा. पुष्कळ पॉलिसींत असते. मग ज्यादा हप्ता भरून ती जोखीम घेता येते का, हे एजंटाला लेखी विचारा, फोनवरचं "हो हो, सगळं कव्हर आहे" धरून चालू नका. आणि त्या पाहुणा क्रूवाल्यांना आगाऊ रक्कम अजून दिलेली नसेल तर आजच नको म्हणून कळवा. दिली असेल तर रद्द करायची शेवटची तारीख कुठली, ते आधी बघा.

– ताई